सही कोणाची चालते?

मुंबई विमानतळावर रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या एअरबस ए३२०चं मुख्य चाक बदलताना मी जवळून पाहिलं. एक टेक्निशियन आसावरचा नट आवळत होता, दुसरा त्याच वेळी चाक फिरवत होता. बेअरिंग नीट बसावं म्हणून नट आधी जास्त जोराने आवळायचा, मग सैल करायचा, मग ठरलेल्या टॉर्कवर आणायचा. आवळणाऱ्याचा हात इतका मुरलेला, की बघत राहावं. तरी टेक लॉगवर सही त्याची नव्हती. ती मॅन्युअल उघडून शेजारी उभ्या असलेल्या परवानाधारक इंजिनियरची. ती झाल्याशिवाय विमान उडत नाही.

हा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) सीएआर-६६ नियमांखाली मिळतो. सांगाडा, इंजिन आणि यांत्रिक यंत्रणा पाहणारा बी१, एव्हिऑनिक्स पाहणारा बी२. परीक्षेच्या प्रत्येक मॉड्यूलला किमान ७५ टक्के हवेत. एवढं करूनही ए३२०वर सही करता येत नाही. त्यासाठी टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाची वेगळी मान्यता लागते, आणि ती इंजिनासकट असते. सीएफएम५६ इंजिनाच्या ए३२०चं रेटिंग लीप इंजिनाच्या निओला चालत नाही. प्रवाशाला दोन्ही विमानं सारखीच वाटतील. पण सही करणाऱ्याला इंजिनाचं झाकण उघडल्यावर काय दिसणार, ते आधीच ठाऊक हवं.

एवढा काटेकोरपणा मला योग्यच वाटतो. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हनची वैमानिकासमोरची काच हवेत निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टन वाचला. काच आदल्या दिवशी पहाटेच बसवली होती. तिच्या ९० बोल्टपैकी ८४ व्यासाने किंचित बारीक निघाले, तेही मिलिमीटरहून कमी फरकाने. बसवणारा नवखा नव्हता, रात्रपाळीचा अनुभवी प्रमुख होता. त्याने बोल्ट नजरेने जुळवले, आणि दुसऱ्या कोणी ते काम तपासावं अशी अटही तेव्हा नव्हती. ‘मानवी घटक’ हा विषय आज परवान्याच्या परीक्षेत वेगळं मॉड्यूल म्हणून आहे. माझ्या मते गणित-भौतिकशास्त्राइतकाच तो मोलाचा.

परवाना हाती आला तरी सहीचा हक्क कायमचा मिळत नाही. मागच्या दोन वर्षांत किमान सहा महिने देखभालीचं काम केलेलं असावं लागतं. तेवढा सराव नसेल, तर मुदतीतला परवाना खिशात असूनही त्या इंजिनियरला विमान सोडता येत नाही.