हवेतली पायांची टाळी

बॅले म्हटले की पांढऱ्या झग्यातली, पायाच्या टोकावर उभी राहिलेली मुलगी आठवते. पण या नाचाचा कस लागतो तो उड्यांत. त्यातही सर्वांत अवघड उडी म्हणजे नर्तक जमिनीवर येण्याआधी हवेतच पायावर पाय मारतो ती. फ्रेंच भाषेत या प्रकाराला 'बातरी' म्हणतात. आम्ही आपले पायांची टाळी म्हणू.

'आंत्रशा' ही यातली मुख्य उडी. एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे चिकटवून, दोन्ही पावले बाहेर वळवून उभे राहायचे, उडायचे आणि हवेत पाय पुढे-मागे करायचे. मोजणी मोठी गमतीची आहे. दोन्ही पायांची हालचाल वेगवेगळी धरतात. त्यामुळे पायांची अदलाबदल दोनदा झाली की आकडा चार, तीनदा झाली की सहा!

नवशिक्याला वाटते, उंच उडालो की जमेल. तसे होत नाही. वाचकहो, दोन्ही हात जोडलेलेच ठेवले तर टाळी वाजेल काय? आधी ते थोडे उघडावे लागतात. पायांचेही तसेच. उडताक्षणी पाय किंचित फाकले नाहीत तर आपटायला जागाच उरत नाही, आणि मुले मग नुसती पावले हलवतात. मार बसायला हवा पोटरीवर पोटरीचा. जोर मांडीच्या आतल्या बाजूने यायला हवा. म्हणून आधी बराच काळ दांडा धरून पाय सरकवण्याचे आणि झटकण्याचे साधे धडे गिरवतात. मग दोन्ही हातांनी दांडा धरून उडतात, आणि नंतर दांडा सोडतात.

सेंट पीटर्सबर्गला १८९० साली 'स्लीपिंग ब्यूटी' प्रथम रंगमंचावर आले. त्यातला निळा पक्षी रंगमंच तिरका कापत जातो, पाय एकदा पुढे, एकदा मागे आपटत. ती भूमिका प्रथम एन्रिको चेकेत्ती यांनी केली. पुढे ते नामांकित शिक्षक झाले.

काळ्या माणसाची शरीरयष्टीच या नाचाला योग्य नाही, असे अमेरिकेत खुशाल सांगितले जाई. आर्थर मिचेल १९५५ साली न्यूयॉर्क सिटी बॅलेत दाखल झाले आणि तिथे प्रमुख नर्तक बनले. उत्तर तिथेच मिळाले होते. पण १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि मिचेल आपल्या हार्लेम वस्तीकडे वळले. १९६९ साली कारेल शुक या आपल्या शिक्षकासह त्यांनी 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम' उभारले. घट्ट विजारीला मुलगे लाजत, तर त्यांनी कापलेल्या जीन्स घालू दिल्या. ढोलही वाजवला. आम्हांला हा शहाणपणा फार आवडला. पोशाखाला सूट होती, पायांना नव्हती.

आपल्या मुंबईतही वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह हे शिकला आणि २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला.

मुलामुलींना वर्गात घालणाऱ्या पालकांनी दोन गोष्टी पाहाव्यात. पाऊल बाहेर वळते ते खुब्यातून. गुडघा पिळून वळवले तर तो कायमचा दुखावू शकतो. आणि जमीन लवचीक लाकडाची असावी. घरच्या सिमेंटच्या लादीवर या उड्या मुळीच नकोत. उतरताना आधी बोटे, मग चवडा, मग टाच टेकते की नाही, आणि गुडघे वाकतात की नाही, एवढे तर दारात उभे राहूनही दिसते.