विमानाचे तिकीट : स्वस्त कोणते आणि महागात पडणारे कोणते?

सोलापूरच्या टॉवेल-चादरीच्या धंद्यातील माणसाला आज ना उद्या विमानात बसावेच लागते. कोणी दुबई-शारजाच्या बाजारात नमुने दाखवायला जातो, कोणी युनिफॉर्मच्या ऑर्डरीसाठी जातो, तर कोणी उमराहला जाऊन येताना दोन गिऱ्हाइकांची गाठ घेऊन येतो. आमच्या गादीवर बसणारे व्यापारी बंधू आम्हाला नेहमी एकच सवाल करतात, "भाई, कोणत्या कंपनीचं विमान चांगलं आणि कोणत्या कंपनीचं टाळावं?" बिझनेस क्लासची बात कोणी करीत नाही. आपण सारे इकॉनॉमीत बसणारे लोक आहोत. तेव्हा त्याच वर्गाच्या हिशेबाने या सवालाचा विचार करू.

पहिली गोष्ट म्हणजे वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या याद्यांवर आंधळा भरवसा ठेवू नये. एक उदाहरण देतो. प्रवाशांना नुकसानभरपाई मिळवून देण्याचे काम करणाऱ्या एअरहेल्प या कंपनीने २०२४ च्या अखेरीस १०९ विमान कंपन्यांची यादी काढली. तीत आपल्या देशातील सर्वांत मोठी कंपनी इंडिगो १०३ व्या नंबरावर होती. कंपनीने ती यादी साफ नाकारली. पुढे सहा महिन्यांतच, जून २०२५ मध्ये, लंडनच्या स्कायट्रॅक्स या संस्थेने त्याच इंडिगोला भारत आणि दक्षिण आशियातील सर्वोत्तम कंपनी म्हटले. कंपनी तीच, विमाने तीच, मग फरक का? कारण मोजमाप निराळे. स्कायट्रॅक्स प्रवाशांची मते गोळा करते. एअरहेल्पच्या मोजमापात विमान वेळेवर सुटण्याबरोबर तक्रार आल्यावर कंपनी पैसे देते की नाही, हेही धरले जाते. एकाने कापड हाताने चाचपून भाव केला, दुसऱ्याने वजन करून केला, असा हा प्रकार आहे. स्कायट्रॅक्सच्या २०२५ च्या निकालात जगातील सर्वांत चांगली इकॉनॉमी हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकची ठरली आणि एकूण पहिला नंबर कतार एअरवेजचा आला. वाचायला हे बरे वाटते, पण शारजाला जाणाऱ्या सोलापूरकराला कॅथे पॅसिफिकचा काय उपयोग?

आता खुर्चीचे पाहू. एअरबस ए-३२० हे विमान इंडिगोही उडवते आणि शारजाची एअर अरेबियाही. डबा एकाच लांबीचा. इंडिगो त्यात १८० किंवा १८६ खुर्च्या बसवते, एअर अरेबिया १६८ किंवा १७४. एका माणसाच्या गुडघ्याला दोन बोटे जागा जास्त का मिळते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. दोन्ही कंपन्या स्वस्तातल्याच. म्हणजे स्वस्त तिकिटाची प्रत्येक खुर्ची अडचणीचीच असते असे नाही, आणि नावाजलेल्या कंपनीची प्रत्येक खुर्ची आरामाची असते असेही नाही. मुंबईहून दुबईचा प्रवास तीन-सव्वातीन तासांचा आहे. तेवढ्या वेळात गुडघे दुखले तरी माणूस मरत नाही. सोलापूर-पुणे एसटीचा प्रवास याहून जास्त वेळ चालतो. मात्र लंडन, जोहान्सबर्ग किंवा अमेरिकेला जायचे असेल, तर जेवण, सामान आणि पाय ठेवायला जागा देणारी पूर्ण सेवेची कंपनीच घ्यावी, असे आमचे मत आहे. तिथे वाचवलेले तीन हजार रुपये पाठीच्या डॉक्टरला द्यावे लागतात.

खरा घोटाळा भाड्यात आहे. समजा, एका कंपनीचे तिकीट ९,५०० रुपयांना दिसते आणि दुसरीचे १३,००० ना. आपण घाईने पहिले काढतो. नंतर कळते की त्यात सामान कमी आहे. दहा किलो वाढवायला ३,००० पडले, जेवणाला ५००, खुर्ची निवडायला ४००. बेरीज झाली १३,४००. शिवाय विमान रात्री दोनला उतरणार, म्हणजे टॅक्सी आली आणि कधी एका रात्रीचे हॉटेलही आले. हे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत, पण हिशेबाची रीत हीच ठेवावी. आपण सुताचा भाव करताना वाहतूक, हमाली आणि घट धरतो. तिकिटाच्या बाबतीत मात्र पहिला आकडा पाहूनच खूश होतो, हे नवलच.

सामानाचे तर विशेष. देशातल्या प्रवासात बहुतेक कंपन्या १५ किलो देतात. एअर इंडिया पूर्वी जास्त देत असे. २ मे २०२४ पासून तिनेही आपल्या स्वस्त प्रकारच्या तिकिटांवर १५ किलो केले आणि महाग प्रकारावर २५ किलो. म्हणजे कंपनीचे नाव पाहून सामान कळत नाही, तिकिटाचा प्रकार पाहावा लागतो. जाड सोलापुरी चादर दीड-दोन किलोची धरली, तर आठ-दहा चादरींत १५ किलो संपतात, कपडे आणि डबा वेगळाच. नमुने घरच्या काट्यावर वजन करूनच भरावेत. विमानतळावर वाढीव किलोचा दर तिकीट काढतानाच्या दरापेक्षा नेहमीच जास्त असतो.

आता आमचा एक तजुर्बा सांगतो, कारण त्यात आमचीच चूक जास्त होती. काही वर्षांपूर्वी आम्ही आणि आमचे भागीदार टेरी टॉवेलचे नमुने घेऊन आखातात निघालो. देशातल्या टप्प्याचे तिकीट एका कंपनीचे आणि परदेशच्या टप्प्याचे दुसरीचे, असे दोन वेगवेगळे काढले, कारण त्यात जवळपास दोन हजार वाचत होते. पहिले विमान चार तास उशिरा सुटले. आम्ही पोहोचलो तेव्हा दुसरे गेलेले होते. दुसऱ्या कंपनीने हात वर केले, आणि कायद्याने तिचे बरोबरही होते, कारण तिच्या लेखी आम्ही न आलेले प्रवासी. नवे तिकीट काढून दुसऱ्या दिवशी पोहोचलो, तर सामान आले नव्हते. आम्ही घाईत काउंटरवर लेखी काहीही न देता बाहेर पडलो. खरेदीदार शरीफ माणूस. त्याने एक दिवस वाट पाहिली आणि मग कराचीच्या टॉवेलची ऑर्डर दिली. नमुन्यांची बॅग तिसऱ्या दिवशी आली. त्या ऑर्डरीच्या भरवशावर आमच्या ओळखीच्या कारखानदाराने सूत उचलून ठेवले होते. त्याचे माग महिनाभर निम्म्याने चालले आणि मागावरच्या कारागिरांची रोजी बुडाली. आमचे दोन हजार वाचले होते, ते हे असे.

म्हणून पहिला मुद्दा असा की सर्व टप्पे एकाच तिकिटावर असावेत. एकाच तिकिटावर पहिले विमान उशिरा आले, तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगळ्या तिकिटांवर ती आपल्यावर येते. सोलापूरकरांना हे आता जास्त लागू आहे. होटगी रोडच्या आपल्या विमानतळावर एकेकाळी किंगफिशरचे विमान येत असे, ते बंद पडले. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. ९ जून २०२५ रोजी फ्लाय ९१ ने गोव्याची आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी स्टार एअरने मुंबईची सेवा सुरू केली. तासाभरात मुंबई, ही मोठी सोय झाली. स्टार एअरचे ते विमान ७६ खुर्च्यांचे, त्यात इकॉनॉमीच्या ६४, आणि दोन-दोनच्या रांगा, म्हणजे मधली खुर्चीच नाही. बसायला ते आम्हाला मोठ्या विमानांपेक्षा बरे वाटले. पण पुढचे आखाताचे तिकीट दुसऱ्या कंपनीचे असेल, तर मध्ये किमान पाच-सहा तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. वंदे भारत किंवा सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाणाऱ्यालाही हेच लागू. रेल्वे उशिरा आली म्हणून कोणतीही विमान कंपनी थांबत नाही. अनेक व्यापारी सरळ गाडी करून हैदराबादला जातात. सुमारे तीनशे किलोमीटरचा हमरस्ता आहे आणि तिथून आखाताची विमाने भरपूर आहेत. चार जण मिळून गेले तर तो हिशेब वाईट नाही.

दुसरा मुद्दा कंपनीच्या तब्येतीचा. खुर्ची, जेवण, हसतमुख कर्मचारी हे सारे ठीक, पण कंपनीच बुडाली तर? जेट एअरवेज इकॉनॉमीतही गरम जेवण देणारी नावाजलेली कंपनी होती. १७ एप्रिल २०१९ रोजी तिची सेवा थांबली. गो फर्स्टने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून विमाने बंद केली. ज्यांनी तीन-चार महिने आधी पैसे भरले होते, त्यांचे पैसे अडकले. पगार थकल्याच्या, भाड्याची विमाने परत नेल्याच्या बातम्या येऊ लागल्या, की त्या कंपनीचे लांबच्या तारखेचे तिकीट काढू नये. उधारीवर माल देताना आपण पार्टीची चौकशी करतो ना? इथे तर आपण आगाऊ रोख देत असतो.

मोठी कंपनी म्हणजे सुरक्षित, असेही नाही. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली होती आणि रात्री उतरण्यावर मर्यादा आली. इंडिगोची तयारी अपुरी पडली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची दोन हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. लग्नसराईत लोक विमानतळावर पथारी टाकून झोपले. इतर कंपन्यांची भाडी एवढी चढली की सरकारला मर्यादा ठरवावी लागली, पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार आणि पुढे अंतराप्रमाणे. वैमानिकाला झोप मिळालीच पाहिजे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी एकाच कंपनीच्या हातात असले, की ती शिंकली तरी सगळ्या देशाला सर्दी होते.

तिसरा मुद्दा हक्कांचा, आणि यात आपले लोक फार मागे आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम स्पष्ट आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला, तर चहा-नाश्ता किंवा जेवण कंपनीने द्यायचे. देशातल्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत. विमान ऐनवेळी, वेळेत न कळवता रद्द केले तर त्याशिवाय भरपाई आहे. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून लांबच्याला १०,००० किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. धुके, वादळ, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई नाही. कंपनीने जास्त तिकिटे विकून आपल्याला चढू दिले नाही आणि तासाभरात दुसरे विमानही दिले नाही, तर रक्कम वाढते, २०,००० रुपयांपर्यंत.

यात एक मेख आहे. तिकीट काढताना प्रवाशाने संपर्काचा तपशील नीट दिला नसेल, तर भरपाई देणे कंपनीवर बंधनकारक नाही. आपल्याकडे तिकीट काढतो एजंट आणि नंबर टाकतो स्वतःचा. विमान रद्द झाल्याचा निरोप एजंटच्या फोनवर येतो आणि एजंट झोपलेला असतो. तिकिटावर आपलाच मोबाइल नंबर आहे ना, हे पैसे देण्याआधी पाहावे. त्याच वेळी जीएसटी नंबरही टाकून घ्यावा. इकॉनॉमीच्या भाड्यावर पाच टक्के जीएसटी आहे. धंद्यासाठी केलेल्या प्रवासावरील हा कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला जमेस धरता येतो, पण बिलावर नंबर असेल तरच. आणि "नॉन-रिफंडेबल" तिकीट रद्द केले तरी विमानतळाचे शुल्क आणि सरकारी कर परत मिळतात. ते मागावे लागतात, इतकेच.

जेवणाबद्दल विचारणा होते म्हणून सांगतो. सौदिया, एमिरेट्स, एअर अरेबिया यांच्या विमानांत सर्व जेवण हलालच असते. इतर कंपन्यांत "मुस्लिम मील" किमान २४ तास आधी नोंदवावे लागते. एअर इंडियानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले की हलाल प्रमाणपत्र फक्त आधी नोंदवलेल्या मुस्लिम मीललाच असते. विमानात बसल्यावर एअरहोस्टेसशी वाद घालून उपयोग नाही.

राहिली सामानाची गोष्ट. बॅग आली नाही किंवा फाटून आली, तर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वी कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. आम्ही केली नाही, ती चूक इतरांनी करू नये. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा आलेल्या बॅगेची, बॅग हाती आल्यापासून, एकवीस दिवसांत द्यावी लागते. माँट्रियल करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून जबाबदारीची कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर झाली आहे. एसडीआर हे नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे आणि ही रक्कम रुपयांत दीड लाखाच्या वर जाते. पण ती आपोआप मिळत नाही. आत काय होते आणि त्याची किंमत काय, हे बिलावरून दाखवावे लागते. नमुन्यांचे बिल आपण स्वतःच स्वतःला कसे देणार, असे कोणी म्हणेल. आपल्या फर्मच्या लेटरहेडवर नगवार यादी आणि दर लिहून, बॅग बंद करण्यापूर्वी तिचा फोटो काढून ठेवावा. आता आम्ही प्रत्येक डिझाइनचा एक नॅपकिन हातातल्या सात किलोच्या बॅगेत ठेवतो. मोठी बॅग उद्या येवो की परवा, खरेदीदाराच्या हातात कापड त्याच दिवशी पडते.