गाव शहरात गेलं, शाळा कुठे गेली?

शनिवारी सकाळी पोहे आणि पुण्याचा फोन, हा आमच्या ऊद मेथ्याच्या घरातला शिरस्ता. २०२३ च्या जूनमध्ये, तिकडे शाळा सुरू व्हायच्या सुमारास, वहिनीनं असाच एकदा प्रश्न टाकला.

आमचं गाव पुण्याच्या वेशीवरचं. ३० जून २०२१ रोजी जी तेवीस गावं पुणे महापालिकेत गेली, त्यांतलं एक. वहिनी गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे. ती म्हणाली, "भावजी, तुम्ही परदेशात शिकून आलात, तर एवढं सांगा. शाळेला एक खोली वाढवून हवी आहे. पूर्वी सरपंचांना गाठायचो, नाहीतर जिल्हा परिषदेच्या सदस्यांना. आता गावाला सरपंचच नाही. मग बोलायचं कोणाशी?"

खरं सांगतो, मला लगेच उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. आपल्यापैकी कितीतरी जणांनी वाघोली, सूस, म्हाळुंगे, उंड्री अशा ठिकाणी फ्लॅट घेतले आहेत. "परत गेलो की मुलं तिथल्याच शाळेत जातील," असं आपण सहज म्हणतो. तेव्हा हा प्रश्न एकट्या वहिनीचा नाही, आपलाही आहे.

पुण्याची हद्दवाढ जुनीच गोष्ट आहे. १९९७ साली अडतीस गावं आत घेतली, पुढे विरोध झाल्यावर त्यांतली काही वगळली. २०१७ मध्ये अकरा गावं आली, २०२१ मध्ये तेवीस. महापालिकेचं क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेलं, म्हणजे मुंबई महापालिकेपेक्षाही मोठं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांची कथा तर आणखी निराळी. २०१७ मध्ये ती आत आली आणि २०२४ मध्ये बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. सात वर्षांत ग्रामपंचायत, महापालिका, नगरपरिषद असे तीन कारभारी!

आता शाळेचं बघा. आपल्याकडे खेड्यातली सरकारी शाळा जिल्हा परिषदेची आणि मोठ्या शहरातली महापालिकेची. नगरपरिषदेच्या हद्दीत काही ठिकाणी ती परिषदेची असते, तर काही ठिकाणी जिल्हा परिषदेचीच राहते. त्यामुळे गावाची हद्द हलली की शाळेचा मालक बदलायची वेळ येते. इमारत, जमीन, शिक्षकांच्या नेमणुका, त्यांची सेवाज्येष्ठता, सगळ्याचं हस्तांतर करावं लागतं. नकाशावरची रेघ एका अधिसूचनेनं सरकते, पण शाळेची दप्तरं तितक्या झटपट हलत नाहीत. मुलं मात्र रोज त्याच बाकावर बसत असतात.

वहिनीच्या गावाच्या बाबतीत आणखी एक पेच होता. ग्रामपंचायत २०२१ मध्ये संपली. महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षं गावाला स्वतःच्या मतानं निवडलेला सरपंचही नव्हता नि नगरसेवकही नव्हता.

एम. एस. करताना मी ह्यूस्टनला होतो. तिथे किंगवूड नावाचं उपनगर आहे. रहिवाशांचा कडाडून विरोध असताना ह्यूस्टन शहरानं ते १९९६ मध्ये आपल्यात घेतलं. पोलीस, पाणी, कर, सगळं शहराचं झालं. शाळा मात्र हंबल नावाच्या शाळा-जिल्ह्यातच राहिल्या! कारण तिथे शाळा-जिल्हा ही शहरापासून वेगळी संस्था असते. तिचं मंडळ लोक स्वतंत्र निवडून देतात आणि घरपट्टीतला तिचा वाटाही वेगळा असतो. शहर वाढलं म्हणून शाळेची हद्द आपोआप हलत नाही. पुढे २०१७ आणि २०१९ च्या कायद्यांनी तर टेक्ससमध्ये रहिवाशांच्या संमतीशिवाय हद्दवाढ करणं जवळपास बंदच झालं.

म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. जिथे घरं महाग तिथे शाळेकडे पैसा जास्त, हा त्या पद्धतीतला मोठा दोष. श्रीमंत शाळा-जिल्ह्यांचा काही पैसा गरीब जिल्ह्यांना द्यावा, यासाठी टेक्ससला १९९३ मध्ये कायदा करावा लागला. आणि पालक घर घेताना स्वयंपाकघराआधी शाळेच्या हद्दीचा नकाशा बघतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

इथे दुबईत आपल्याला ही रेघ ठाऊकच नाही. आपली मुलं खाजगी शाळांत जातात आणि प्रवेशाला घरचा पत्ता आड येत नाही. ऊद मेथ्यातलं इंडियन हायस्कूल १९६१ साली सुरू झालं. तिथे मुलं केवळ आसपासच्या गल्ल्यांतून येत नाहीत. आपली हद्द ठरते ती फी आणि बसचा मार्ग यांवर. घरभाडं परवडेना म्हणून शारजाला राहायला गेलेल्या कुटुंबांना विचारा, मुलांना पहाटे किती वाजता उठवावं लागतं ते! शिवाय या शाळांच्या कारभारात आपल्याला मत नाही. फी भरायची आणि सूचना वाचायच्या.

वहिनीला मात्र मत आहे, आणि तेच मी तिला पुढच्या शनिवारी सांगितलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. शाळा जिल्हा परिषदेची असो की महापालिकेची, ही समिती राहतेच. सरपंच गेला तरी पालक गेलेले नाहीत. शाळेचा विकास आराखडा करणं हे समितीचंच काम आहे. तेव्हा खोलीची मागणी त्यात घाला, ठराव करा, तारखेनिशी प्रत ठेवा.

मंडळी, परत जायचा विचार असेल तर बिल्डरला जलतरण तलाव दाखवायला सांगण्याआधी तीन गोष्टी विचारा. जवळची शाळा आज कोणाच्या ताब्यात आहे? ती घरापासून किती अंतरावर आहे? (कायद्यानं पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी.) आणि तिच्या समितीवर कोण कोण आहे? तुमची मुलं तिथे जाणार नसली तरी विचारा. तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुलं तिथेच जाणार आहेत.

वहिनीच्या समितीनं ठराव केला. निवडणुकीच्या वेळी मत मागायला जो जो दारात आला, त्याला तिनं आधी पाणी दिलं आणि मग ती प्रत हातात ठेवली. "भावजी," ती फोनवर म्हणाली, "आता निदान कोणाशी बोलायचं ते तरी कळलं."