उष्टावणाची तारीख कोण ठरवतं?

चाकण, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी. पुण्याजवळच्या या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांच्या मागे खोल्यांच्या रांगाच रांगा आहेत. लातूर, बीड, नांदेड, बुलढाण्याहून आलेली तरुण जोडपी तिथे भाड्याने राहतात. बायको बाळंतपणाला माहेरी जाते आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की त्याला घेऊन परत येते. माहेरी आई, आजी, काकू हाताशी असतात. इथे नवरा पाळीवर आणि शेजारीण तिच्याच वयाची. नेमका त्याच सुमारास प्रश्न येतो: बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज काही द्यायचं ते कधीपासून?

आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर मी या वस्त्यांत आणि मोशी, चिखली, भोसरीकडच्या घरांत हिंडते आहे. हा निर्णय घरात कसा घेतला जातो, ते जवळून पाहावं एवढ्यासाठीच. हा एका दिवसाचा निर्णय नाही, हे फार लवकर लक्षात आलं.

आशाताई खोलीत शिरल्या की पहिल्यांदा बाळाकडे बघत नाहीत, माता-बाल संरक्षण कार्ड मागतात. "कितवा महिना?" "सहावा चालू आहे, ताई." ताई कार्डावरची जन्मतारीख बघतात, बोटांवर मोजतात. "सहावा लागला म्हणजे पाच झालेत, बाळा. पूर्ण सहा व्हायला अजून तीन आठवडे आहेत. तोवर फक्त अंगावर पाज. पाणीसुद्धा नको." या एका महिन्याच्या हिशेबात निम्म्या घरांचा घोळ असतो. म्हणून ताई पुढची तारीख कार्डावर पेनाने लिहूनच देतात.

मग बाळाची पाळी. आई त्याला मांडीवर टेकवून बसवते. मान स्थिर आहे का? पाठीला आधार दिला की बसतं का? समोरची वस्तू बघून, हाताने पकडून तोंडाकडे नेतं का? शेवटी ताई स्वच्छ चमचा ओला करून खालच्या ओठाला लावायला सांगतात. मी पाहिलं त्या बाळाने जीभ पुढे काढून चमचा ठामपणे बाहेर ढकलला. पुन्हा लावला, पुन्हा ढकलला. आईचा चेहरा पडला, "याला आवडत नाही वाटतं." ताईंनी समजावलं की यात आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. घशात काही अडकू नये म्हणून तान्ह्या बाळाची जीभ घट्ट वस्तू आपोआप बाहेर लोटते. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान ही प्रतिक्षिप्त क्रिया हळूहळू जाते. ती गेली, मान धरली, आधाराने बसू लागलं आणि सहा महिने भरले की बाळ तयार झालं.

ज्या गोष्टींना घरचे तयारीची खूण समजतात, त्यांतल्या बऱ्याच तशा नसतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठ चोखणं ही वाढीची पायरी आहे, भुकेची नव्हे. रात्री उठणंही तसंच. "दूध पुरत नाही" ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. त्यावर ताईंचे दोन प्रश्न ठरलेले: दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा शू होते का, आणि वजनाची रेघ वर चढते आहे का? दोन्हींचं उत्तर होकारार्थी असेल तर दूध पुरतं आहे.

सहा महिने हा आकडा आला कुठून, हे आयांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसतो. जागतिक आरोग्य परिषदेने २००१ मध्ये सहा महिने निव्वळ स्तनपानाची शिफारस केली. त्याआधी 'चार ते सहा महिने' असं म्हटलं जाई. बेलारूसमधल्या मोठ्या अभ्यासात सहा महिने निव्वळ अंगावर पाजलेल्या बाळांना तीन महिने पाजलेल्यांपेक्षा पोटाचे संसर्ग कमी झाले आणि वाढीत ती मागे पडली नाहीत. जिथे पाणी टँकरने येतं आणि पिंपात साठवावं लागतं, तिथे या निष्कर्षाचं मोल आणखी वाढतं. युरोपातल्या बालपोषणतज्ज्ञांचं मार्गदर्शन थोडं सैल आहे: १७ आठवड्यांच्या आत नको आणि २६ आठवड्यांच्या पुढे ढकलू नका. म्हणून एखादे डॉक्टर विशिष्ट बाळासाठी थोडं आधी सुरू करायला सांगतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजण्याची रीतही वेगळी. अशा बाळाचा निर्णय डॉक्टरांकडेच सोपवावा.

पण सहा महिन्यांनंतर थांबायचं नाही, याचंही कारण तितकंच भक्कम आहे. पूर्ण दिवसांचं बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं आणि तो साधारण सहाव्या महिन्यापर्यंत संपत येतो. आईच्या दुधात लोह फारच थोडं असतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाव्यतिरिक्त रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवायचं, पण आता ते एकटं पुरत नाही.

इथवरचं सगळं बाळाच्या शरीराचं वेळापत्रक. या पट्ट्यात त्याच्याशी टक्कर घेणारं दुसरं वेळापत्रक आहे, कंपनीचं. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, म्हणजे बरोबर सहा महिन्यांची. त्यातले आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. उभं राहून जुळणीचं काम करणाऱ्या बाईला आठव्या-नवव्या महिन्यात ते घ्यावेच लागतात. मग उरतात १८ आठवडे. कामावर परत जायची तारीख येते तेव्हा बाळ चार महिन्यांहून थोडंच मोठं असतं. ही झाली कायम नोकरीवाली. ठेकेदाराकडे असलेल्या बाईची मागच्या वर्षभरातली ८० दिवसांची हजेरी कागदावर नसेल, तर तिला हीसुद्धा रजा मिळत नाही.

५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या मिळाव्यात, असं कायदा सांगतो. पण मोशीहून कंपनीच्या बसने निघालेल्या बाईला चाकणच्या तळेगाव चौकातल्या गर्दीतून बाळ घेऊन कारखान्यापर्यंत जाणं झेपत नाही. बाळ शेजारणीकडे राहतं. शेजारीण प्रेमाने सांभाळते, पण तिच्याकडे अंगावरचं दूध कुठून येणार? मग पाणी घातलेलं गाईचं दूध बाटलीत भरलं जातं, चहात बुडवलेलं बिस्किट दिलं जातं. बाळाची जीभ ते बाहेर लोटत असते आणि घरात मात्र 'वरचं सुरू केलं' असं म्हटलं जातं.

दूध काढून ठेवण्याची वाट आहे, पण ती फार थोड्या जणींना कुणी नीट दाखवतं. एका सेविकेने एका आईला हात धुण्यापासून शिकवलं. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या थोडी मागे ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं, मग पुढे. रुंद तोंडाच्या, उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत पहिल्यांदा थेंब थेंब, मग धार. खोलीत ऊन तापत नसेल तर चार तास बाहेर चालतं, फ्रीजमध्ये दिवसभर. पाजायचं वाटी-चमच्याने, बाटलीने नव्हे. हे कारखान्यात करायचं तर कडी लागणारी एक छोटी खोली, हात धुवायची सोय आणि फ्रीजमधला एक कप्पा लागतो. कोट्यवधींची यंत्रं बसवणाऱ्या जागेत एवढं सहज बसतं.

लवकर सुरू करण्याबद्दल आपण बोलतो. उशिराबद्दल बोलत नाही, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली सहा महिन्यांखालची सुमारे ६४ टक्के बाळं निव्वळ अंगावर होती. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी दुधाबरोबर घट्ट किंवा मऊ अन्न मिळणारी मात्र सुमारे ४६ टक्केच. सहा ते २३ महिन्यांत पुरेसा आहार मिळणारी अवघी ११ टक्के. यामागचं एक कारण लसीकरणाच्या तक्त्यात दिसतं. सरकारी लसी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात. त्यानंतरची गाठ थेट नवव्या महिन्यात. अन्न सुरू करायची वेळ या मोकळ्या जागेत येते. आशाताईंनी ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात घरी जायचं असं २०१८ पासूनच्या कार्यक्रमात ठरलं आहे. त्यातली सहाव्या महिन्याची भेट हुकली तर आईला विचारायला कुणी उरत नाही.

दुसरं कारण पातेल्यात आहे. बरीच घरं 'वरणाचं पाणी' आणि 'भाताची पेज' यावर दोन-दोन महिने काढतात. बाळाच्या पोटात एका वेळी मावतं वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे सात किलोच्या बाळाला जेमतेम मोठी वाटीभर. ती जागा पाण्याने भरली तर कॅलरी जाणार कुठे? म्हणून सेविका चमचा तिरपा करून दाखवते: अन्न घळकन ओघळलं तर पातळ, चमच्यावर टिकून हळूच सरकलं तर बरोबर.

तिने केलेलं खिमट मी शेजारी बसून पाहिलं. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन फडक्यावर सुकवलेली, मंद आचेवर बदामी होईतो भाजलेली, थोडं जिरं घालून भरड दळलेली. दोन चमचे भरड वाटीभर पाण्यात गुठळ्या न होऊ देता शिजवली, चमच्याच्या पाठीने घोटली आणि वरून तूप. मीठ नाही, साखर नाही, आणि वर्षभर मधही नाही. पहिल्या दिवसांत दोन-तीन चमचे, दिवसातून दोन वेळा. आठवड्याभरात वाढवत जायचं.

नाचणीच्या सत्त्वामागे तर शास्त्रच आहे. नाचणीला मोड आले की तिच्यात पिष्ट विरघळवणारं पाचकद्रव्य तयार होतं. त्यामुळे जास्त पीठ घालूनही खीर गिळण्याजोगी राहते, तेवढ्याच वाटीत जास्त ताकद जाते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुणाचा उपयोग बाळांच्या आहारात कसा होतो, यावर काम केलं. आपल्या आज्या मोड आणून, सुकवून, दळून, वस्त्रगाळ करत आल्या ते या अर्थाने उत्तम होतं. पण लोहासाठी पुढे चांगली घोटलेली डाळ, पालेभाजी आणि चालत असेल तिथे अंडं, मासे, मटण लागतंच. अंडं किंवा शेंगदाण्याचं बारीक कूट मुद्दाम वर्षभर लांबवण्यात फायदा नाही. २०१५ च्या लंडनमधल्या अभ्यासात लवकर शेंगदाणा मिळालेल्या बाळांना त्याची ॲलर्जी कमी झाली. अख्खा दाणा मात्र घशात अडकतो, तो द्यायचा नाही. सहा महिन्यांपासून लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर मिळतं आणि अंगणवाडीचा घरपोच आहारही तेव्हाच सुरू होतो. दोन्ही हक्काने मागून घ्यावं.

उष्टावणाचं काय? मुलीचं विषम महिन्यात, मुलाचं सम महिन्यात, मामाच्या हातून खीर. सेविका या रीतीला विरोध करत नाही, तिचा उपयोग करून घेते. मुलगी असेल तर सांगते, "सातव्यात करा. सातवा लागला की सहा पूर्ण, दुसऱ्या दिवसापासून खिमट." मुलगा असेल तर सहाव्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत समारंभ, खीर ओठाला लावण्यापुरती, आणि महिना भरल्यावर रोजचं खाणं. गावाकडची आजी फोनवर असते, तिलाही हे पटतं, कारण तिची रीत राहिलेली असते.

तारीख बाळाने ठरवावी, वय आणि तयारीच्या खुणांवरून. ती पाळता यावी ही जबाबदारी मात्र एकट्या आईवर टाकून चालणार नाही. रजेचे सहा महिने प्रसूतीपासून मोजले जावेत आणि ठेक्यावरच्या बाईलाही ते मिळावेत. प्रत्येक कारखान्यात दूध काढायला खोली असावी. पाळणाघर जिथे बाया राहतात त्या वस्तीत असावं आणि तिथल्या बाईला चमचा तिरपा करून बघायला शिकवलेलं असावं. या पट्ट्यात सुटा भाग वेळेवर पोचावा म्हणून शेकडो माणसं तासातासाचा हिशेब ठेवतात. बाळाचा पहिला घास वेळेवर पोचावा म्हणून तसा हिशेब ठेवणं आपल्याला नक्की जमेल, आणि ते आता करायला हवं.