रिकाम्या पेटीसाठी मनोरा

सेव्हिलच्या कॅथेड्रलची रांग भिंतीच्या सावलीला चिकटून सरकतेय. सावली हातभरच. बायकांनी पंखे काढलेत. त्यांची फटफट रांगभर चालू आहे. माझ्या पुढच्या आजोबांनी टोपी काढून तिनेच वारा घ्यायला सुरुवात केली आहे.

आत पाऊल टाकताच घाम गार होतो. क्षणभर नुसता अंधार. मग खांब दिसू लागतात. मान मागे, आणखी मागे. मधलं छत चाळीसेक मीटरवर.

मला जे बघायचंय ते इथे उरलेलंच नाही. १५९८ साली या छताखाली एक अवाढव्य मनोरा उभा होता. मजल्यावर मजले, कमानी, पुतळे, चित्रं, मेणबत्त्या. दिसायला दगडी, आतून लाकूड, कापड, प्लास्टर. गणपतीच्या देखाव्यासारखा, काम झालं की उतरवायचा. त्यावर राबले मात्र शहरातले नामांकित चित्रकार आणि मूर्तिकार. पार गोव्यापर्यंत अंमल असलेला स्पेनचा राजा दुसरा फिलिप १३ सप्टेंबरला वारला होता, त्याच्या शोकविधीसाठी हा मनोरा. देह माद्रिदजवळच्या एस्कोरिअलमध्ये. इथली शवपेटी रिकामी.

त्या पेटीसमोर २५ नोव्हेंबरला भांडण पेटतं. न्यायालयाच्या प्रमुखाने आपल्या आसनावर काळं कापड घातलंय. इन्क्विझिशनचे धर्माधिकारी म्हणतात, हा मान तुमचा नाही, काढा. तो काढत नाही. भर प्रार्थनेत त्याला बहिष्कृत केलं जातं. पाद्री बिचारा आतल्या खोलीत जाऊन विधी उरकतो. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाण मांडून! विधी पुन्हा होतो तो थेट डिसेंबरअखेर. तोवर मनोरा तसाच उभा, आणि लोक बघायला येतायत. त्यांतच पुढे ‘डॉन किहोते’ लिहिणारा लेखक. या डामडौलाची खिल्ली उडवणारं त्याचं सुनीत स्पेनमध्ये अजून वाचलं जातं.

आजची गर्दी उजवीकडे, कोलंबसच्या थडग्यापाशी. चार राजदूतांचे धिप्पाड पुतळे पेटीला खांदा देतायत: कास्तिया, लिऑन, आरागॉन, नवारा. छातीवर आपापल्या राज्याचं चिन्ह. क्युबा हातचा गेल्यावर हे सगळं हवानाहून इथे आणलं. फोन वर, कोपर बाजूच्याच्या बरगडीत.

सहलीतला एक मुलगा विचारतो, आत खरंच कोलंबस आहे? गाईड डीएनए तपासणीचं सांगू लागते. पण कॅरिबियनमधले सांतो दोमिंगोवालेही, ती म्हणते, तो आपल्याकडेच आहे म्हणतात.