सरासरीत हरवलेली बाई

मराठीत ‘रुग्ण’ हा शब्द पुल्लिंगी आहे. ‘रुग्ण बरा झाला’ असे लिहिले की खाटेवर बाई असली तरी वाक्यात ती दिसत नाही. वैद्यकीय संशोधनातही दीर्घकाळ असेच घडले. मात्र तिथे परिणाम औषधाच्या मात्रेपर्यंत पोचतो. झोल्पिडेम ही झोपेची गोळी अमेरिकेत १९९२ साली मंजूर झाली. स्त्रियांच्या रक्तात तिचा अंश सकाळीही जास्त उरतो म्हणून त्यांची मात्रा निम्मी, म्हणजे पाच मिलिग्रॅम केली गेली, ती २०१३ साली.

मी डॉक्टर नाही. मौद्यात राहून मिळतील ते शोधनिबंध वाचणारा माणूस आहे. वाचताना आता पहिला प्रश्न विचारतो : हे कोणावर तपासले? ॲस्पिरिनने हृदयविकाराचे झटके ४४ टक्क्यांनी घटल्याचे सांगणारा १९८९चा अमेरिकी अभ्यास २२,०७१ डॉक्टरांवर झाला. सारे पुरुष. २००५ साली ३९,८७६ स्त्रियांवरचा अभ्यास आला. त्यांच्यात एकंदरीत पहिला झटका टळला नाही, पक्षाघात मात्र कमी झाला. दोन्हींतल्या मात्रा वेगळ्या होत्या. दोघांना एकाच अभ्यासात घेतले असते, तर फरक लिंगाचा की मात्रेचा, हे तिथेच कळले असते.

पण नुसते सामील करून घेणेही पुरत नाही. समजा, एखाद्या औषधाने पुरुषांना दहा गुण फायदा झाला आणि स्त्रियांना शून्य. संख्या सारखी असेल तर सरासरी पाच येईल. हा पाच कोणाच्याच शरीरातला नाही. म्हणून आकडे वेगळे मांडावे लागतात आणि त्यासाठी दोन्ही गट पुरेसे मोठे घ्यावे लागतात.

इथे लिंग आणि लिंगभाव यांची गल्लत टाळायला हवी. स्त्रियांची हिमोग्लोबिनची किमान पातळी १२ आणि पुरुषांची १३ धरतात, हा शरीराचा भाग. आमच्याकडे धानाच्या रोवणीला बाया असतात, म्हणून पायाच्या चिखल्या त्यांना जास्त झाल्या, तर ते कामाच्या वाटणीचे फळ. पहिल्याचा उपाय मात्रेत शोधावा लागतो, दुसऱ्याचा बांधावर.

आणि जिथे तुलनेला पुरुष नाहीच, तिथे? डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली आलेले निष्कर्ष असे : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते, तक्रार सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के आणि पूर्वी तपासणी-उपचार झालेल्या केवळ ८ टक्के. दवाखान्याच्या नोंदवहीवर विसंबले असते तर या गावांतल्या बाया निरोगीच ठरल्या असत्या.

अमेरिकेने १९९३ साली सरकारी पैशातल्या मानवी चाचण्यांत स्त्रियांचा समावेश कायद्याने बंधनकारक केला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत लिंगाचा विचार करण्याची अट यायला २०१६ उजाडले. आपण वाचकांनी एवढे तरी करावे : ‘संशोधनाने सिद्ध झाले’ अशी बातमी दिसली की त्यात बाया किती होत्या आणि त्यांचे आकडे वेगळे दिले आहेत का, हे शोधावे.