धातुशोधक यंत्र आणि सुवर्णभूमी

धातुशोधक यंत्रास लोकव्यवहारात ‘सोने शोधण्याचे यंत्र’ म्हणतात; शास्त्रदृष्ट्या हे नाव फसवे आहे. सोने म्हणून सोन्याची ओळख या यंत्रास मुळीच नसते. वेटोळ्याखाली विजेचा एखादा सुवाहक पदार्थ आहे, एवढेच त्यास कळते.

फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेले विद्युच्चुंबकीय प्रवर्तन हे त्याचे मूलतत्त्व होय. वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की जवळच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात. त्यांचे चुंबकीय क्षेत्र यंत्र टिपते. हा प्रतिसाद वस्तूची वाहकता, आकार आणि आकारमान या तिन्हींवर अवलंबून असल्यामुळे ॲल्युमिनियमचा चुरगळलेला तुकडा व सोन्याचा खडा यांचा आवाज पुष्कळदा एकसारखाच येतो. शिवाय नैसर्गिक सोन्यात बहुधा चांदी मिसळलेली असते आणि त्यामुळे त्याची वाहकता शुद्ध सोन्याहून बरीच कमी भरते.

खरी परीक्षा मात्र जमीनच घेते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १८५१ पासून सोन्यासाठी माणसांची रीघ लागली. तेथील सुवर्णक्षेत्रांत पुष्कळ ठिकाणी माती लोहसंयुगांनी भरलेली आहे, आणि ही मातीच यंत्रास प्रतिसाद देते. १९८० मध्ये किंगोवर येथे ‘हँड ऑफ फेथ’ नावाने पुढे प्रसिद्धीस आलेला २७ किलोग्रॅमहून अधिक वजनाचा गोळा धातुशोधकाने सापडला खरा. परंतु एवढा गोळा मातीच्या गोंगाटातूनही ऐकू येणारच. वाटाण्याएवढ्या खड्याचे तसे नाही.

यावरचा तोडगा म्हणजे स्पंद-प्रवर्तन पद्धती. तीत वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तोडतात आणि पुढील काही मायक्रोसेकंदांत येणारा प्रतिसाद मोजतात. धातूतील प्रवाह घातांकी नियमाने विरतो. मातीतील लोहकणांचे चुंबकत्व मात्र साधारणपणे काळाच्या व्यस्त प्रमाणात उतरते. निरनिराळ्या क्षणांची मापे परस्परांशी ताडून मातीचा भाग वजा करता येतो. ऑस्ट्रेलियात १९९० नंतरच्या दशकात सोन्यासाठी अशी यंत्रे तयार झाली व जुन्या, चाळून झालेल्या जागाही पुन्हा फळल्या. कोकणातील जांभ्यावर साध्या यंत्राची जी त्रेधा उडते, तिचेही कारण हेच. तथापि अगदी बारीक कणांतील प्रवाह मापनापूर्वीच विरून जातो, आणि ते कण हातचे निसटतात. कोलारचे सोने खोल गारगोटीच्या शिरांतून बारीक विखुरलेले आहे. तेथे या यंत्राचा उपयोग तो काय होणार?

खोलीचा प्रश्न याहून कठीण आहे. वेटोळ्याच्या व्यासाच्या मानाने अंतर बरेच वाढले, की क्षेत्र जाताना अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होते व परतताना पुन्हा तितकेच. म्हणजे खोली दुप्पट होताच प्रतिसाद चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो! शंभर फुटांवरून सोने दाखविण्याची हमी देऊन हाती धरावयाची यंत्रे खपविणाऱ्यांची गाठ या घातांकाशी आहे. असे यंत्र विकत घेऊ पाहणाऱ्याने विक्रेत्याच्या नकळत एक अंगठी दोन हात खोल पुरावी आणि ती त्यास शोधावयास सांगावे. अंगठीत प्रवाहास अखंड वळसा मिळतो, म्हणून तेवढ्याच वजनाच्या वेड्यावाकड्या खड्याहून ती सापडण्यास सोपी. तरीही इतक्या खोलीवर हाती धरावयाच्या चांगल्या यंत्रासही ती सहसा सापडत नाही.